भिंगरीला दहापैकी दहा

सोमवार

आज जेवताना भिंगरी म्हणाली, "आजी, मला साठ दुखरे गुडघे पाहिजेत." मला इतका आनंद झाला की हातातली पळी तशीच धरून मी मोजायला लागले. समोरच्या शिंपीणबाई, त्यांचे दोन. वरच्या मजल्यावरचे पोस्टमनभाऊजी, नोकरीभर जिने चढून त्यांचे दोन्ही गेलेले. भिंगरी म्हणाली, एका माणसाचा एकच धरायचा, जो जास्त दुखतो तो. मग मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. डॉक्टर झालीच आहे, आता त्याच्यावरची मोठी पदवी करते आहे. त्यासाठी काहीतरी शोधून दाखवावं लागतं म्हणे. हिने गुडघ्याला लावायचं एक मलम घेतलं आहे. ते खरोखर काम करतं का, ते बघायचं.

मी म्हटलं, "त्यात काय बघायचं? आधी माझ्या गुडघ्याला लाव. मी सांगते."

"तू चालणार नाहीस, आजी."

"का? माझा गुडघा काय लोकांच्या गुडघ्यापेक्षा कमी दुखतो?"

"तू माझी आजी आहेस. तू खरं सांगणार नाहीस."

"म्हणजे मी खोटारडी?"

"तू प्रेमळ आहेस. ते जास्त वाईट."

सूनबाई तोंड फिरवून हसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण भाजी करपायला आली होती, मग राहूनच गेलं.

गुरुवार

पंचेचाळीस जमले. सगळे मी जमवले. भिंगरीच्या दवाखान्यातल्या बाईंनी भिंतीवर कागद चिकटवला होता, तो वाचून एकच माणूस आला, आणि तोही दाताच्या डॉक्टरांना शोधत होता.

आज भिंगरीने मला मलमाची गंमत सांगितली. साठ नळ्या, सगळ्या बाहेरून अगदी एकसारख्या. पण अर्ध्यांत औषध आहे आणि अर्ध्यांत नाही! नुसतंच गुळगुळीत काहीतरी. कुणाला कुठली नळी जाईल ते संगणक ठरवतो, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. आणि कुणाला काय गेलं ते लावणाऱ्याला माहीत नाही, देणाऱ्या भिंगरीलाही माहीत नाही.

मी म्हटलं, "तुलाही नाही? अगं, मीठ कुठल्या भांड्यात घातलं ते करणारीला तरी माहीत असायला नको?"

"मला कळलं तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल. मग त्यांना बरं वाटायला लागेल, किंवा वाटेनासं होईल."

हे मात्र खरं आहे. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. लहानपणी कपाटातली बिस्किटं खाल्ली की हिचं नाकच आधी सांगायचं.

साठच का, पन्नास का नाही, हे मी विचारलं. ते आकडेवाल्याने ठरवलं आहे. आकडेवाला म्हणजे विद्यापीठातला एक लुकडा मुलगा, आठवड्यातून एकदा संगणक घेऊन येतो, चहा घेतो आणि बशीकडे बघून बोलतो. तो म्हणाला, फरक लहान असेल तर तो दिसायला माणसं जास्त लागतात. मी म्हटलं, बरोबर आहे, मलाही सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागतात. तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "हो, जवळपास तसंच." चांगला मुलगा आहे. लग्न झालेलं दिसत नाही.

बुधवार

साठ पुरे झाले! साठावी मिळाली ती करवतबाई. मागच्या गल्लीत राहतात. आवाज तसा आहे म्हणून नाव, आणि स्वभाव आवाजाला शोभेल असा. मी त्यांना विचारणार नव्हते, पण एक गुडघा कमी पडत होता. मला म्हणाल्या, "तुमच्यासाठी येत नाही. गुडघ्यासाठी येते." या बाबा, कशालाही या.

आता दर बुधवारी सगळ्यांनी दवाखान्यात येऊन एक कागद भरायचा. मी बाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन बसते. भिंगरीने सांगितलं आहे की आत यायचं नाही. बाक काही आत नाही.

बुधवार, पुढचा

आज वेळेवर माझं लक्ष गेलं, नाहीतर पोरीचं काही खरं नव्हतं.

शिंपीणबाई कागद भरून बाहेर आल्या. चहा घेताना त्यांच्या हातातला कागद मी सहज पाहिला. वर बारीक अक्षरांत काहीतरी होतं, ते माझ्या चष्म्याला झेपलं नाही. पण खाली चौकटी होत्या, शून्यापासून दहापर्यंत, चांगल्या ठळक. आणि बाईंनी खूण केली होती सहावर.

मी म्हटलं, "सहा? दहापैकी?"

"हो. सहाच वाटलं मला."

"अहो, मागच्या हिवाळ्यात तुम्ही आजारी होतात तेव्हा रोज रक्तदाब बघायला कोण आलं होतं? भिंगरीच ना? तिला सहा?"

"पण वहिनी, हे दुखण्याचं आहे. किती दुखतं त्याचं."

"दुखणं तुमचं असेल, पण परीक्षा तिची आहे. हे कागद तिला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडम बघणार. सहा बघून त्या काय म्हणतील?"

शिंपीणबाई विचारात पडल्या. बाई मनाने लोण्यासारखी. म्हणाल्या, "अगं बाई, हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि तशाच आत जाऊन दुरुस्त करून आल्या.

तेवढ्यात पोस्टमनभाऊजी आले. त्यांनी दिले होते चार. चार! मी काहीच बोलले नाही, नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. चहाही पुढे केला नाही. ते म्हणाले, "वहिनी, काय झालं?" मग सांगितलं. बिचारे कानाला हात लावून आत गेले.

मी तिसरीनंतर शाळेत गेले नाही, पण गुण कशाला म्हणतात ते मला कळतं.

बुधवार

आजचा दिवस सोन्याचा गेला. बाकावर बसल्या बसल्या एकूण एक माणसाला सांगून झालं. कुणीही नाही म्हटलं नाही. पोराबाळांसाठी माणसं किती करतात! एक आजोबा म्हणाले, "दहाच्या पुढे चौकट नाही का? माझा मोतीबिंदू तिनेच आधी ओळखला होता."

नाही म्हटलं ते फक्त करवतबाईने. कोण म्हणणार दुसरं?

"मला चार दुखलं, मी चार लिहिणार. तुमची नात आहे म्हणून माझा गुडघा खोटं बोलणार नाही."

"कुणी म्हटलं खोटं बोला? जरा मोठ्या मनाने बोला एवढंच."

"मन मोठं करा नाहीतर लहान करा, गुडघा तेवढाच आहे."

मी त्यांना चहा दिला नाही. त्यांनी स्वतःच थर्मास उघडून घेतला.

शनिवार

भिंगरी नीट जेवत नाही. कागद घेऊन बसते, सगळे चाळते, मग परत पहिल्यापासून चाळते. सूनबाईंना सांगत होती, "सगळ्यांचं वाढलंय, आई. एका आठवड्यात. औषधवाल्यांचंही आणि बिनऔषधवाल्यांचंही. असं होतच नाही."

मी मनात म्हटलं, होतं गं बाई, आजी असली की होतं. पण सांगितलं नाही. काही गोष्टी न सांगता करण्यातच गोडी असते. तरी पोरगी आनंदात का नाही ते कळेना. तिला वाटत असेल की अजून कमीच पडले. लहानपणीही हिला दोन गुण गेले की ही उशीत तोंड खुपसून बसायची.

बुधवार

पोस्टमनभाऊजींना म्हटलं, पोरगी नाराज आहे, जरा जोर लावा. त्यांनी दहाच्या पुढे स्वतःच्या हाताने, पट्टी न घेता, एक सुरेख चौकट काढली, आत अकरा लिहिले आणि शेजारी लिहिलं, "शाबास." काय अक्षर आहे त्यांचं! आयुष्यभर दुसऱ्यांची वाचून वाचून सुधारलेलं.

शुक्रवार

आकडेवाला आला होता. मी चहा घेऊन गेले तर दार लोटलेलं. दाराशी उभं राहून ऐकायची मला सवय नाही, पण ट्रे हातात असला की दार उघडायला वेळ लागतो.

तो म्हणत होता, "गेले दोन आठवडे सगळीकडे दहा. जराही वरखाली नाही. माणसं अशी नसतात. यांच्यात एकच बाई माणसासारखी दिसते. पाच, तीन, चार, पाच."

अख्ख्या गल्लीत माणसासारखी कोण, तर करवतबाई!

मग तो बशीकडे बघून हळूच म्हणाला, "मला विचारायचं नाही, पण मोठ्या मॅडम विचारणार. हे कुणी घरी बसून भरलंय का?"

भिंगरीने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "तुला मी तशी वाटते?"

"नाही. पण आकडे तसे वाटतात. सोमवारी विद्यापीठाची समिती बसणार आहे. खोटे आकडे निघाले तर पदवी जाईल. पुढेही कुणी उभं करणार नाही."

माझ्या नातीने खोटं केलं? जी पोर खेळातही 'आउट' झाले म्हणून स्वतःहून सांगायची? चहा तसाच परत नेला. त्याला आज चहा नाही. लग्नाचंही मी काही बघणार नाही.

रविवार

सकाळपासून दारोदार फिरले. प्रत्येकाला म्हटलं, तुम्ही आपल्या हाताने खूण केली की नाही? केली. मग उद्या चला आणि सांगा. समितीवाले म्हणतात, कागद एकाच माणसाने भरले. अशी उलटी कुणाची जीभ चालते बघूच.

करवतबाईंच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग पुन्हा गेले. नातीसाठी माणूस काय काय करतं! दार उघडून म्हणाल्या, "काय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी केलं आहे. मग म्हणाल्या, "येते. मला ती तोंडं बघायची आहेत."

कुणाची, ते विचारायचं राहिलं.

सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

समिती तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. आम्ही सगळे चालत चढलो, निम्म्याहून जास्त लोक आले होते. पोस्टमनभाऊजी सगळ्यांच्या पुढे. शिंपीणबाई मधेच बसतील असं वाटलं होतं, पण त्या बोलत बोलत वर पोचल्या आणि मला म्हणाल्या, "आलं की काय इतक्यात?"

शिपाई अडवत होता. करवतबाई म्हणाल्या, "बाजूला हो." तो झाला.

आत लांब टेबल. मोठ्या मॅडम मधे, दोन्ही बाजूंना डॉक्टर, कोपऱ्यात आकडेवाला, आणि एकटी खुर्ची ओढून बसलेली माझी पोर, चेहरा पांढराफटक. तिने मला पाहिलं आणि तो आणखी पांढरा झाला.

मॅडम म्हणाल्या, "हे सगळे कोण?"

मी पुढे झाले. "हे कागद भरणारे. ज्याचे त्याने भरले. माझ्या नातीने एकही भरलेला नाही. विचारा कुणालाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग पोस्टमनभाऊजींना विचारलं, "तुम्ही दहा लिहिलंत?"

"परवा अकरा लिहिले."

"ही चौकट तुम्ही काढलीत? आणि हे 'शाबास'?"

"होय. चुकलं का काही? ऱ्हस्वदीर्घ?"

"काका, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं दुखतं. तुम्ही तीन मजले चढून आलात."

"दुखतं कुठे!" भाऊजी म्हणाले आणि तिथल्या तिथे दोनदा खाली बसून उठून दाखवलं. "मला काही नाही. दहा तर पोरीला दिलेत."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

शिंपीणबाई म्हणाल्या, "परीक्षा तिची ना, मॅडम. आम्ही काय सहा देऊ? इतकं करते ती आमच्यासाठी." मागून सगळे हो हो म्हणाले. एकजण ओरडला, "गुणी पोर आहे!"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली. आपल्या कामाची कुणी दखल घेतली की बरं वाटतंच.

भिंगरी हळूहळू माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असावं, पण तिने ओठ असे दाबले होते की नक्की सांगता येत नाही. मोठ्या मॅडम फाईल तोंडापुढे धरून खाली वाकल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. शेजारचे डॉक्टर खोकत सुटले. करवतबाई मात्र निवांत उभ्या, एकेकाचं तोंड बघत होत्या.

आकडेवाला म्हणाला, "म्हणजे खोटं कुणीच भरलेलं नाही." मग टेबलाकडे बघून म्हणाला, "खरंही कुणी भरलेलं नाही. या बाई सोडून."

पण नातीवरचा डाग पुसला गेला! उतरताना मी सगळ्यांच्या पुढे होते.

बुधवार

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. आज दवाखानाही बंद, बाकही रिकामा. सूनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आई, थोडे दिवस जाऊ द्या." कशाचे थोडे दिवस? मी तिला वाचवलं की नाही?

गुरुवार

बोलली. माझ्या खाटेवर येऊन बसली आणि माझी पावलं मांडीवर घेतली.

"आजी, मला गुण नको होते. मला त्यांचं दुखणं हवं होतं. खरं, जसं आहे तसं. कमी तर कमी, जास्त तर जास्त. ते कळलं असतं तर मलम चालतं की नाही ते कळलं असतं. आता सगळं फुकट गेलं."

दुसऱ्याचं दुखणं मागणारी पोर मी पहिल्यांदा पाहिली. पण ती इतक्या हळू बोलत होती की मला पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकलं की काय. मी विचारलं, "म्हणजे त्या करवतीने बरोबर केलं?"

"फक्त तिनेच."

हे पचायला मला वेळ लागेल.

"मग आता गं? पदवी गेली?"

"नाही. समितीने पुन्हा करायला सांगितलंय. मधे काही दिवस कुणी काही लावायचं नाही, मग नव्या नळ्या, पुन्हा नाणं, पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने जास्त. पण या वेळी बिघडलं तर तिसरी संधी नाही." मग ती हसायला लागली, रडता रडताच. "ते 'शाबास' मॅडमनी स्वतःच्या टेबलावर लावून ठेवलंय."

शनिवार

मी छापून आले!

नव्या संशोधनाचे नियम लिहिलेला जाड गठ्ठा भिंगरीने आणला. सहभागी कोण, मलम कसं लावायचं, आकडे कसे तपासायचे, सगळं त्यात. आणि पानाच्या मधोमध एक वेगळा नियम: संशोधकाच्या आजींनी सहभागी व्यक्तींशी दुखण्याविषयी, मलमाविषयी किंवा आकड्यांविषयी कोणत्याही प्रकारे बोलू नये, खाणाखुणा करू नयेत, तसेच चहा देण्याघेण्यात भेदभाव करू नये. खाली समितीतल्या सगळ्या डॉक्टरांच्या सह्या.

चहाचं करवतीनेच सांगितलं असणार.

अक्षर बारीक, म्हणून मी शिंपीणबाईंकडून ते दोनदा वाचून घेतलं. इतक्या शिकलेल्या माणसांनी एकत्र बसून माझा विचार केला! त्याखाली मलाही सही करायला लावली. मी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश.

बुधवार

पुन्हा सुरू झालं. मी बाकावर बसले, कारण बाकाविषयी नियमात काहीच नाही. पण काय सांगू, जीभ आत ठेवणं म्हणजे काय ते आज कळलं.

शिंपीणबाई जवळ येऊन कुजबुजल्या, "वहिनी, नुसती मान हलवा. सात बरे की आठ?"

मी पटकन एक अख्खं बिस्कीट तोंडात घातलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. त्या म्हणाल्या, "म्हणजे सात?" मी दुसरं बिस्कीट घातलं. "आठ?" तिसरं. घशात अडकून मी मरणार होते, पण नातीची पदवी आणि सात डॉक्टरांच्या सह्या डोळ्यांपुढे होत्या.

शेवटी करवतबाई ओरडल्या, "अहो, तिला काय विचारता? गुडघा तिचा आहे का? आपल्या गुडघ्याला विचारा!" मग माझ्याकडे वळून पाण्याची बाटली दिली. मी प्यायले. आणि त्यांना चहा ओतून दिला, सगळ्यांना दिला तेवढाच. काठोकाठ.

रविवार

भिंगरी आज सकाळी स्वयंपाकघरात नाचत आली. हातात आकड्यांचा कागद.

"आजी, ऐक! चार. सात. दोन. पाच. तीन. सहा. पाच. एक!"

एक! आमच्या वेळी असल्या गुणांवर पोरीला पुढच्या वर्गाच्या दारातही उभं केलं नसतं. आणि ही ते वाचताना खिदळते आहे. म्हणाली, आकडेवाल्याने बघितलं आणि बशी सोडून सरळ तिच्याकडे बघून हसला. माझ्या डोक्यात काहीतरी आलं, पण ते गुडघ्याविषयी नसल्याने नियमात बसतं. सवडीने बघू.

मग वाचता वाचता तिचं बोट थांबलं. कागदाच्या तळाशी एक दहा होता.

"आजी."

"तुझी शपथ, मी नाही! मी बिस्किटं खात होते, कुणालाही विचार."

"पोस्टमनकाका आहेत. या बुधवारी ते आलेच नाहीत, कागद भरून कुणाच्या तरी हाती पाठवला."

चप्पल न घालताच ती वर पळाली. मी जिन्याखाली उभी, जीव मुठीत. या माणसाने आता पुन्हा चौकट काढली असेल तर पोरीचं वाटोळं. तेवढ्यात वरून तिचा आवाज आला, सगळी इमारत दणाणली:

"आजी, खरा आहे! पडलेत ते! टम्म सुजलाय गुडघा!"

"अगं, हळू बोल," मी म्हटलं, "माणूस दुखण्याने तळमळतोय आणि तू आनंदाने ओरडतेस?" पण मीही धरून धरून तो जिना चढलेच. भाऊजी उशीला टेकून पडले होते, चेहरा वेदनेने वाकडा झालेला. भिंगरी खाली बसून गुडघा तपासत होती आणि हसू लपवत होती. मला पाहून भाऊजी कण्हत म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी तुमच्यासाठी दिले होते. या वेळी मनापासून दिलेत."

मला काहीही बोलायची परवानगी नाही. मी त्यांची उशी नीट केली आणि भिंगरीकडे बघत राहिले.